अर्धी डिस्क रिकामी, तरी लिनक्सला जागा नाही: न हलणाऱ्या फायलींचं गणित

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षं चालली. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून बऱ्याच जणांना वाटलं की काही झालंच नाही. पण सुरक्षेचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ची अट मोठी आहे: टीपीएम २.० चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१६-१७ चा धडधाकट लॅपटॉपसुद्धा नापास. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज सांगितला होता की यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरसारख्या गावात हा प्रश्न कसा दिसतो ते बघा. नागपूर-भंडारा रस्त्यालगतची ही ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. फॅक्टरी १९६४ ची. अशा वसाहतीत पोरांच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगसाठी घेतलेले लॅपटॉप असतात, आजूबाजूच्या गावांत ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रं असतात, झेरॉक्सच्या दुकानात एक जुना डेस्कटॉप असतो. चाळीस-पन्नास हजारांचा नवीन लॅपटॉप घेणं सगळ्यांना जमत नाही. आणि विंडोज पूर्ण काढून टाकणंही जमत नाही, कारण टॅली विंडोजवर चालतं, डिजिटल सहीचे डोंगल आणि बोटाचे ठसे घेणाऱ्या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच बनलेले असतात.

मग मधला रस्ता निघतो तो ड्युअल बूटचा. विंडोज राहू द्यायचं, त्याच डिस्कवर बाजूला लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकायचं, इंटरनेट आणि बँकेची कामं लिनक्सवर करायची, टॅलीपुरतं विंडोज उघडायचं. लिनक्स म्हणजे काही परकी गोष्ट राहिलेली नाही. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही सिस्टीम आणायचं ठरवलं, ती बातमी तुम्ही वाचली असेल.

आणि इथेच गाडी अडते. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या लोकांकडून मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच: “डिस्क अर्धी रिकामी आहे, मग विंडोज जागा का सोडत नाही?”

नेमकं काय होतं?

समजा, तुमची ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोजच्या हिशोबाने ती ४६५ जीबी दिसते. त्यातले १८० जीबी भरलेले, २८५ जीबी मोकळे. तुम्हाला लिनक्ससाठी फक्त १०० जीबी हवेत. तुम्ही डिस्क मॅनेजमेंट उघडता, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणता. विंडोज थोडा वेळ विचार करतं आणि सांगतं की फक्त ९ जीबी कमी करता येतील.

२८५ मधले ९? लोक डीफ्रॅग चालवतात, पुन्हा बघतात, पुन्हा ९. मग वाटतं की डिस्क भरली आहे, म्हणून फोटो-व्हिडिओ डिलीट करायला सुरुवात होते. ते केल्यावरही ९ च. त्यानंतर काही जण नेटवरून कुठलं तरी क्रॅक केलेलं पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवतात, काही जण दुकानात नेतात आणि तिथे ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकून येतात. घरातले दहा वर्षांचे फोटो जातात ते या पायरीवर. आणि ते जाण्याची काहीच गरज नसते.

ड्राइव्ह लहान करायचा म्हणजे शेवटून कापायचा. विंडोज फक्त शेपटी कापू शकतं, मधून नाही. डिस्कच्या ४५६ व्या जीबीवर जर एखादी अशी फाइल बसली असेल जी जागची हलवता येत नाही, तर कापणी तिथेच थांबते. तिच्या अलीकडे शेकडो जीबी मोकळे असले तरी काही उपयोग नाही. ती फाइल फक्त ४ केबीची असली तरी तेवढी एक पुरते.

म्हणजे मुद्दा मोकळी जागा किती हा नाहीच. मोकळी जागा कुठे आहे आणि वाटेत कोण बसलंय, हा आहे.

डिस्कचा सातबारा

फाइल हलत नाही म्हणजे काय हे कळायला आधी हलणारी फाइल कशी हलते ते पाहू. आपल्याकडे याला जवळचं उदाहरण आहे. महाराष्ट्रात १९४७ पासून जमिनीचे तुकडे पाडायला बंदी घालणारा आणि तुकडे एकत्र करणारा कायदा आहे, आपण त्याला तुकडेबंदी कायदा म्हणतो. एकाच शेतकऱ्याची जमीन गावात चार ठिकाणी विखुरलेली असेल तर अदलाबदल करून ती एका जागी आणायची, ही त्यातली एकत्रीकरणाची कल्पना. डीफ्रॅगमेंटेशन म्हणजे डिस्कवरचं एकत्रीकरणच.

विंडोजचा एनटीएफएस हा प्रकार डिस्कला छोट्या प्लॉटमध्ये वाटतो. त्यांना क्लस्टर म्हणतात आणि साधारणपणे एक क्लस्टर ४ केबीचा असतो. एक मोठा व्हिडिओ शेकडो तुकड्यांत विखुरलेला असू शकतो. कोणती फाइल कोणत्या क्लस्टरमध्ये आहे याची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’ नावाच्या वहीत असते, तिला एमएफटी म्हणतात. ही वही म्हणजे डिस्कचं तलाठी दप्तर. प्रत्येक फाइलचा त्यात १ केबीचा उतारा असतो.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेपणाचा त्रास होतो कारण तिच्यात खरोखर एक सुई तबकडीवर हलते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, लॅपटॉपच्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला ११ मिलिसेकंद. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी थांबावं लागतं.

आता डीफ्रॅग काय करतं? फाइलचा एक तुकडा उचलतं, मोकळ्या जागेत त्याची प्रत करतं, वहीतला पत्ता बदलतं आणि जुनी जागा मोकळी म्हणून जाहीर करतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रत, मग नोंद, मग जुनी जागा मोकळी. शिवाय नोंदीतला बदल एनटीएफएस आधी आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतं. म्हणून मध्येच लाइट गेली तरी फाइल जुन्या पत्त्यावर तरी सापडते नाहीतर नव्या तरी. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून ही सोय खुद्द विंडोजच्या आत आहे. डीफ्रॅगचं कुठलंही नीट बनवलेलं सॉफ्टवेअर विंडोजला विनंती करतं, हलवण्याचं काम विंडोज स्वतः करतं.

यामुळे एक गैरसमज दूर होतो. ‘फाइल उघडी आहे म्हणून हलत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. एनटीएफएसमध्ये ते सहसा खरं नाही. तुम्ही व्हिडिओ बघत असताना त्याच व्हिडिओचे क्लस्टर मागे हलवता येतात, कारण प्लेअरला क्लस्टरचा पत्ता माहीतच नसतो. तो प्रत्येक वेळी विंडोजला विचारतो, विंडोज वहीत बघून सांगतं.

यातूनच नियम निघतो. ज्या फाइलचा पत्ता सगळे जण वहीतच बघतात, ती फाइल हलते. ज्या फाइलचा पत्ता कोणीतरी वहीबाहेर, आपल्या डायरीत लिहून ठेवलाय, ती हलवली की घोटाळा होतो. न हलणाऱ्या जवळजवळ सगळ्या फायली या एका वाक्यात बसतात. त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट: वही स्वतः

सगळ्यांचे पत्ते वहीत, मग वहीचा पत्ता कुठे? तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला, बूट सेक्टरमध्ये लिहिलेला असतो. कॉम्प्युटर चालू होताना आधी तिथे बघितलं जातं, तिथून एमएफटी सापडते, मग बाकी सगळं. आताच्या विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर एमएफटी सहसा ७,८६,४३२ व्या क्लस्टरपासून सुरू होते, म्हणजे बरोबर ३ जीबीवर. चालू विंडोजमध्ये वहीची ही सुरुवातीची पानं हलवू देत नाहीत. बूट सेक्टर तर हलवायचा प्रश्नच नाही, तो पहिल्याच सेक्टरवर असावा लागतो.

तुम्ही म्हणाल, ३ जीबीवरची वही शेपटी कापायला कशी आडवी येते? ती वाढते म्हणून. लाखो फायली तयार झाल्या की सुरुवातीला राखून ठेवलेली जागा संपते आणि एमएफटीची पुढची पानं जिथे जागा मिळेल तिथे पडतात. स्वतः वहीच तुकड्यांत विभागते. एखादा तुकडा डिस्कच्या शेवटी जाऊन बसू शकतो. विंडोज २००० मध्ये एमएफटी अजिबात हलवता येत नसे. २००१ च्या एक्सपीपासून तिचा बराचसा भाग हलवायची परवानगी आली, पण अडथळा पूर्ण गेला नाही.

अजून एक गंमत इथे आहे. अगदी छोटी फाइल, म्हणजे काहीशे बाइटची नोटपॅडची टीप, डिस्कवर वेगळी जागा घेतच नाही. ती तिच्या उताऱ्यातच लिहिली जाते. तिला हलवायला क्लस्टरच नसतो.

याच गटात एनटीएफएसचा लॉग, मोकळ्या-भरलेल्या क्लस्टरचा नकाशा आणि बदलांची जंत्री ठेवणारी ‘यूएसएन जर्नल’ येते. फाइल हलवताना ज्यात नोंद करायची, ते दप्तरच त्या क्षणी हलवायचं म्हणजे काय होईल याचा विचार करा.

दुसरा गट: ज्यांचा पत्ता दुसऱ्याने पाठ केलाय

पहिली हायबरनेशनची फाइल, ‘हायबरफिल डॉट सिस’. कॉम्प्युटर हायबरनेट होतो तेव्हा रॅममधलं सगळं या फाइलमध्ये उतरतं. पुन्हा चालू करताना विंडोज अजून उठलेलं नसतं, एक छोटा बूट प्रोग्रॅम ही फाइल वाचून रॅम भरतो. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास. आणि ‘आम्ही तर कधी हायबरनेट करत नाही’ असं म्हणू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोजचं शटडाउनसुद्धा अर्धं हायबरनेशनच असतं.

दुसरी ‘पेजफाइल डॉट सिस’. रॅम कमी पडली की विंडोज त्यातला काही भाग इथे ठेवतं. शिवाय निळा स्क्रीन येतो, विंडोज कोसळतं, तेव्हा कोसळताना रॅमची नोंद याच फाइलच्या जागेवर लिहिली जाते. त्या क्षणी फाइल सिस्टीमवर विश्वास ठेवता येत नाही, कदाचित बिघाड तिच्यातच असेल. म्हणून विंडोज आधीच या फाइलचे डिस्कवरचे पत्ते काढून ठेवतं आणि वहीला न विचारता थेट त्या जागी लिहितं. आता कल्पना करा, मधल्या काळात डीफ्रॅगने ती फाइल हलवली आणि जुन्या जागेवर तुमच्या पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो आले. विंडोज कोसळलं की रॅमचा कचरा थेट त्या फोटोंवर. हा नियम विंडोजचा आडमुठेपणा वाटतो, पण तो तुमच्याच डेटासाठी आहे.

मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्समध्ये ‘पेजडीफ्रॅग’ नावाचं छोटं टूल होतं. एक्सपीच्या काळात ते पेजफाइल एकत्र करायचं, पण चालू विंडोजमध्ये नाही. कॉम्प्युटर सुरू होताना, ती फाइल वापरात यायच्या आधी. रस्ता तोच: पत्ता पाठ करणारा जागा होण्याआधी घर बदलायचं.

ही कल्पना डॉसच्या काळापासून आहे. डॉसच्या मूळ सिस्टीम फायली ठरलेल्या जागी असाव्या लागत. विंडोज ३.१ ची कायमची स्वॅप फाइल कुठे आहे याची नोंद दुसऱ्या एका छोट्या फाइलमध्ये वेगळी ठेवलेली असे. काही सॉफ्टवेअर चोरी टाळायला एक लपवलेली फाइल डिस्कवर विशिष्ट जागी ठेवत. ती हलली की सॉफ्टवेअर स्वतःला चोरीचं समजून बंद पडायचं. म्हणून जुने डीफ्रॅग ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ शिक्का असलेल्या फायलींना हात लावत नसत. एक्सपीचा डीफ्रॅग आठवतो का, निळ्या-लाल पट्ट्यांचा? त्यातल्या हिरव्या पट्ट्या म्हणजे याच न हलणाऱ्या फायली.

तिसरा गट: जिथे जागा हीच ओळख

जमिनीचं एकत्रीकरण करताना शेतं अदलाबदल होतील, पण आपल्या भंडाऱ्याकडचा मामा तलाव कसा हलवणार? तो त्या खोलगट जागेत आहे म्हणूनच तलाव आहे. डिस्कवरही असे तलाव आहेत.

खराब क्लस्टरची यादी घ्या. एनटीएफएस खराब झालेले क्लस्टर एका खास फाइलच्या नावावर लावून टाकतं, म्हणजे तिथे कोणी लिहिणार नाही. ही फाइल ‘हलवली’ तर खराब जागा मोकळी म्हणून जाहीर होईल. तिचा अर्थच जागेत आहे.

सिस्टीम रिस्टोअरच्या नोंदीही अशाच. रिस्टोअर पॉइंट तयार केला की विंडोज सगळ्या ड्राइव्हची नक्कल करत नाही. त्यानंतर एखाद्या जागेवर नवीन लिहायची वेळ आली की तिथला जुना मजकूर आधी बाजूला ठेवतं, तेही १६ केबीच्या ठोकळ्यांत. हा हिशोब फायलींच्या नावाने चालत नाही, डिस्कवरच्या जागेने चालतो. म्हणून ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपलेल्या फोल्डरमधल्या या फायली हलत नाहीत.

तिसरं उदाहरण बिटलॉकरचं. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला असेल तर किल्लीविषयीची माहिती ड्राइव्हवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते, एक खराब झाली तर दुसरी असावी म्हणून. त्या जागांवर कोणी दुसरं लिहिलं तर ड्राइव्ह उघडणं कठीण, म्हणून त्याही पक्क्या.

एसएसडी आहे, मग आम्हाला काय?

एसएसडीमध्ये सुई नाही, त्यामुळे विखुरलेल्या फायलींनी वेगात फारसा फरक पडत नाही. विंडोजही एसएसडीवर आठवड्याच्या ‘ऑप्टिमाइझ’मध्ये मुख्यतः ट्रिम करतं, म्हणजे कोणती जागा आता नको आहे ते एसएसडीला सांगतं.

पण श्रिंकचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. एसएसडीच्या आतला कंट्रोलर डेटा कुठल्याही चिपवर ठेवत असेल, विंडोजला मात्र तो क्लस्टर क्रमांक एकपासून शेवटपर्यंतची सरळ रांग दाखवतो. श्रिंक ती रांग कापतं. रांगेच्या शेवटी न हलणारी फाइल असली की एसएसडीवरही तेच ९ जीबी.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा. ही पायरी झाल्याशिवाय पुढचं वाचूही नका. त्याच वेळी बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ती हरवली तर डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही.

मग अडवतंय कोण ते शोधा. श्रिंकचा प्रयत्न केल्यावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, त्यात ‘विंडोज लॉग्स’, मग ‘ॲप्लिकेशन’. तिथे डीफ्रॅगच्या नावाने २५९ क्रमांकाची नोंद सापडेल. शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव त्यात असतं. पुढचा उपाय त्या नावावर ठरतो.

नाव ‘हायबरफिल’ असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून ‘स्लॅश एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’ अशी आज्ञा द्या. फाइल नाहीशी होते, फास्ट स्टार्टअपही बंद होतो. ड्युअल बूटमध्ये तो बंदच ठेवा, कारण अर्ध्या झोपलेल्या विंडोजचा ड्राइव्ह लिनक्सने उघडून त्यात लिहिलं तर दोघांचे हिशोब जुळत नाहीत.

नाव ‘पेजफाइल’ असेल तर व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमधून ती तात्पुरती ‘नो पेजिंग फाइल’ करा आणि रीस्टार्ट करा. काम झालं की परत चालू करायला विसरू नका, विशेषतः ४ जीबी रॅम असेल तर.

‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ दिसलं तर सिस्टीम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट काढा. यानेही जुने पॉइंट कायमचे जातात, म्हणून पुन्हा सांगतो, बॅकअप आधी.

प्रत्येक वेळी एक अडथळा गेला की पुन्हा श्रिंक करून बघा. आकडा वाढला पण पुरेसा नाही, तर २५९ ची नवीन नोंद बघा, आता तिथे दुसरं नाव असेल. लोक इथेच कंटाळतात. रांगेतला शेवटचा उठला की त्याच्या अलीकडचा शेवटचा होतो, एवढंच घडत असतं.

नाव एमएफटीचं असेल तर

तेव्हा विंडोजच्या आतून फारसं काही होत नाही. पण लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यातलं जीपार्टेड वापरलं तर तोच सी ड्राइव्ह बहुतेक वेळा हवा तेवढा लहान होतो. विंडोजला जे जमलं नाही ते लिनक्सला कसं जमतं?

कारण तेव्हा विंडोज झोपलेलं असतं. पेजफाइलचे पत्ते पाठ करून बसलेलं कोणीच नसतं. जीपार्टेडच्या मागे चालणारं टूल पूर्ण वही आपल्या हातात घेतं, तुकडे हलवतं, वहीचे पत्ते स्वतः दुरुस्त करतं आणि ड्राइव्हवर खूण करून ठेवतं की पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी. म्हणून त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क चेक होतो. तो मध्येच थांबवू नका.

तीन अटी आहेत. एक, विंडोज पूर्ण शटडाउन झालेलं हवं, हायबरनेट किंवा फास्ट स्टार्टअपच्या अवस्थेत नको. तसं असेल तर टूल स्वतःच नकार देतं. दोन, बिटलॉकर चालू असेल तर नुसता ‘सस्पेंड’ पुरत नाही, कारण डेटा तरीही एनक्रिप्टेडच असतो. आधी पूर्ण डिक्रिप्ट करा. तीन, वीज. विंडोज चालू असताना फाइल हलवणं लाइट गेल्यावरही सुरक्षित राहतं, ते वर पाहिलं. बाहेरून ड्राइव्ह कापताना तेवढं संरक्षण नसतं. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून वर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. एप्रिल-मे मधल्या विदर्भातल्या दुपारी हे काम करूच नका.

हे पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम नाही. पार्टिशनच्या क्रॅक सॉफ्टवेअरला आपण संपूर्ण डिस्कचा ताबा देतो, फायलींचाही आणि बूट सेक्टरचाही. त्यापेक्षा दुकानात नेलेलं बरं. पण दुकानातही ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकला तर आधी विचारा, ‘२५९ ची नोंद बघितली का?’

चूक कोणाची?

न हलणाऱ्या फायली असणं ही चूक नाही. लिनक्सच्याही तसंच आहे. ईएक्सटी४ मध्ये फायली एकत्र करता येतात, पण तिची मुख्य टेबलं ठरलेल्या जागीच असतात, आणि ती लहान करायची तर आधी अनमाउंट करावी लागते. प्रत्येक व्यवस्थेला काही खुंटे पक्के ठोकावेच लागतात, नाहीतर बाकीच्यांना शोधायचं कसं?

माझी तक्रार वेगळी आहे. श्रिंकच्या खिडकीत मायक्रोसॉफ्ट एक ओळ लिहितं की न हलणाऱ्या फायलींच्या पलीकडे ड्राइव्ह लहान होत नाही, तपशील ॲप्लिकेशन लॉगमध्ये बघा. माहिती आहे, पण दोन खिडक्या पलीकडे, इंग्रजीत, हजारो नोंदींच्या ढिगाऱ्यात. फाइलचं नाव तिथेच दाखवायला आणि ‘हायबरनेशन बंद करू का?’ एवढं विचारायला काय लागलं असतं? ज्या कंपनीने सपोर्टची तारीख ठरवली, तिने बाहेर पडायच्या दरवाजावर निदान पाटी तरी नीट लावायची. कोट्यवधी लोक एकाच वेळी त्या दरवाजाशी येणार आहेत हे वर्षानुवर्षं आधी माहीत होतं.

तोवर एक सोय आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर ती पैसे न देता घेता येते. विंडोज अपडेटच्या पानावर तिचं बटण दिसतं. ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नाही त्यांनी आधी हे बटण दाबावं, म्हणजे घाई राहत नाही. घाईतच फॉरमॅट होतात.

मग एखाद्या रविवारी सकाळी, बॅकअप हातात ठेवून, इव्हेंट व्ह्यूअर उघडा. बहुतेक वेळा तिथे हायबरफिल किंवा सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनचं नाव असतं आणि काम तासाभरात होतं. नाव एमएफटीचं निघालं तर मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करा. दोन्हीपैकी कुठल्याच रस्त्यावर फोटो डिलीट करायची गरज पडत नाही.